पर्यायी उपचारांची वही डॉक्टरांपासून लपवू नका

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या दैनिकाच्या घडीतून एक पिवळे पत्रक आमच्या ओसरीवर पडले. ‘सर्वांगवात, मान, कंबर, गुडघे, मुंग्या : एकवीस पुड्यांत मुळासकट’ अशी मोठी अक्षरे, खाली एक मोबाइल क्रमांक आणि आठवडे बाजाराच्या दिवशी औषधवाले कोणत्या लॉजवर उतरतात तो पत्ता, एवढाच मजकूर त्यावर आहे. मी त्या क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी माझे वय विचारले नाही, आजाराचे नाव विचारले नाही, सध्या कोणती औषधे चालू आहेत हेही विचारले नाही. आधीच्या गोळ्या आजपासून बंद करा, नाहीतर आमच्या पुडीचा गुण येणार नाही, हे त्यांचे पहिलेच वाक्य होते. हेच वाक्य मी चार वर्षांपूर्वी एकदा ऐकले होते आणि पाळलेही होते. त्याची काय किंमत पडली, आणि तरीही पर्यायी उपचारांना कायमचा नमस्कार न करता मी ते गेल्या वर्षी कोणत्या रीतीने पुन्हा सुरू केले, हे आपल्या वाचकांना, विशेषतः अंगदुखीला कंटाळून असे क्रमांक फिरवणाऱ्या भगिनींना सांगावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे. काटछाट करायची झाली तर कोठेही करावी, फक्त पत्रकाविषयीचा भाग कापू नये.

मी चोपडा तालुक्यातील एका पतपेढीत सत्तावीस वर्षे रोजकीर्द लिहिली. अकरा वर्षांपूर्वी माझे दुखणे मानेपासून सुरू झाले आणि वर्षभरात खांदे, पाठ, कंबर, मांड्या असे करत सर्वांगभर पसरले. सकाळी उठावे ते रात्रभर कपाशी वेचून आल्यासारखे अंग घेऊन, दुपारी आकड्यांवर नजर ठरू नये, हाताने लिहिलेली बेरीज पुन्हा तपासताना आपलीच वाटू नये, अशी अवस्था झाली. आमच्या अहिराणीत ‘आखं आंग दुखी ऱ्हायनं’ हे वाक्य इतके रोजचे आहे की, तक्रार म्हणून ते कुणाच्या कानी पडतच नाही. घरातल्यांना वाटे, हिला काम नको आहे. कचेरीत वाटे, हिला रजा हवी आहे. एक्स-रे झाले, कॅल्शियमची इंजेक्शने झाली, ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला तर न मागता मिळत गेला. चार वर्षांनी नाशिकच्या एका संधिवाततज्ज्ञांनी अर्धा तास ऐकून घेतले, ठिकठिकाणी दाबून पाहिले आणि या आजाराचे नाव फायब्रोमायल्जिया असल्याचे सांगितले. नाव कळले त्या दिवशी मी एस.टी.त बसून रडले. ते दुःखाने नव्हते, आपण खोटे बोलत नव्हतो याची कुणीतरी पावती दिली म्हणून होते.

हा आजार नवा नाही. विल्यम गॉवर्स या इंग्रज डॉक्टरांनी १९०४ साली अशा दुखण्याला ‘फायब्रोसायटिस’ म्हटले होते, म्हणजे स्नायूंमधील तंतुमय ऊतींना सूज. पुढे कळले की सूज अशी काही नसतेच, आणि १९७६ साली आजचे नाव पुढे आले. १९९० साली अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांनी शरीरावरील १८ बिंदूंपैकी ११ दुखतात का, हे पाहून निदान करण्याची पद्धत घालून दिली; २०१० साली ती बदलून, शरीराच्या १९ भागांपैकी किती दुखतात आणि त्यासोबत थकवा, न भागणारी झोप व विसराळूपणा किती आहे, याचे गुण मांडण्याची पद्धत आली. दुखणे किमान तीन महिने टिकलेले असावे लागते. साधारण शंभरात दोन ते चार जणांना हा आजार असतो, स्त्रियांत अधिक, पण पुरुषांतही असतो. आणि ‘अंगदुखी ही बायकांची’ असा समज असल्यामुळे त्या पुरुषांचे हाल आमच्याहून वाईट होतात.

रक्ताच्या तपासणीत काही दिसत नाही, एक्स-रेवर काही दिसत नाही, मग दुखते काय? डॉक्टरांनी दिलेले उत्तर मी माझ्या भाषेत सांगते. आमच्या पतपेढीच्या तिजोरीला धोक्याची घंटा होती. एका पावसाळ्यात तिची वायर ओलावली आणि उंदीर फिरला तरी ती रात्रभर वाजू लागली. तिजोरी शाबूत होती, चोर नव्हता, पण घंटा खरी वाजत होती आणि आळीतली झोप खरी मोडत होती. फायब्रोमायल्जियात मेंदू व मज्जारज्जू यांच्यातील वेदनेची यंत्रणा अशीच हळवी होते. झोपेचा यात मोठा वाटा आहे. १९७५ साली टोरंटो येथील संशोधकांनी धडधाकट माणसांची गाढ झोप मुद्दाम मोडत ठेवली, तेव्हा थोड्याच रात्रींत त्यांचेही अंग दुखू लागले. त्यामुळे ‘मनाचा खेळ आहे’ असे म्हणणाऱ्यांनी वायरही शरीरातच असते, एवढे लक्षात घ्यावे.

औषधे आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ साली प्रेगाबालिन, २००८ साली ड्युलोक्सेटिन आणि २००९ साली मिलनासिप्रान या औषधांना या आजारासाठी मान्यता दिली; रात्री अगदी थोड्या मात्रेत अमिट्रिप्टिलिन देण्याची पद्धत त्याहून जुनी आहे. मात्र यांनी अनेकांना अर्धवटच गुण येतो, आणि गुंगी, वजनवाढ, तोंडाला कोरड हा खर्च वेगळा. म्हणून माणूस दुसरा रस्ता शोधतो. त्यात त्याचा काही गुन्हा नाही. मीही शोधला.

चार वर्षांपूर्वी एका परिचितांनी जिल्ह्याबाहेरून येणाऱ्या एका जडीबुटीवाल्याकडे मला नेले. त्यांच्या सांगण्यावरून मी ड्युलोक्सेटिनच्या गोळ्या एका दिवसात बंद केल्या. ही गोळी पायरी-पायरीनेच उतरवायची असते, हे मला कुणी सांगितले नव्हते, आणि डॉक्टरांना विचारण्याची हिंमत माझ्यात नव्हती. आठवडाभर चक्कर, मळमळ आणि डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके आले. ‘जुने विष बाहेर पडते आहे’ असे त्यांनी सांगितले. मग पुडीने जादू केली. तिसऱ्या दिवशी अंगात हुशारी आली, भूक लागली, गुडघे हलके झाले. चार महिन्यांत चेहरा पुरणपोळीसारखा फुगला, दंडावर निळे डाग उठू लागले, कधी नव्हती ती साखर वाढली. पुढे एका बाजारी ते गृहस्थ आलेच नाहीत, पुड्या संपल्या आणि पाचव्या-सहाव्या दिवशी मी उलट्या व घसरलेला रक्तदाब घेऊन रुग्णालयात दाखल झाले. सकाळच्या रक्तातील कॉर्टिसोल, म्हणजे शरीर स्वतः बनवते ते स्टिरॉइड, अगदी खाली गेले होते. डॉक्टरांचे अनुमान असे की, पुडीत स्टिरॉइड होते आणि ते बाहेरून मिळत राहिल्यामुळे शरीराने स्वतःचे बनवणे सोडून दिले होते. एकही पुडी शिल्लक नसल्याने हे प्रयोगशाळेतून सिद्ध झालेले नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करते. पुढे मोजून-मापून गोळ्या देऊन त्या उतरवायला सात महिने गेले.

यातला विरोधाभास नंतर कळला. फायब्रोमायल्जियावर स्टिरॉइडचा उपयोग होत नाही, कारण मुळात सूजच नसते. मला जी वाटली ती स्टिरॉइडने येणारी तात्पुरती हुशारी होती, आणि वयाप्रमाणे झिजलेल्या गुडघ्यांना मिळालेला आराम होता. ज्या आजारासाठी पुडी घेतली, तो जागच्या जागी होता.

या प्रकरणात पुडीवाला दोषी आहेच, पण मी माझ्या बाजूचा हिशेबही मांडला पाहिजे. नाशिकच्या डॉक्टरांना त्या चार महिन्यांत मी दोनदा भेटले आणि दोन्ही वेळा ‘दुसरे काही घेत नाही’ असे सांगितले. का सांगितले? कारण पूर्वी एकदा काढ्याचा नुसता उल्लेख केला तेव्हा गावातल्या एका डॉक्टरांनी, ‘मग इकडे कशाला येता, तिकडेच जा’ असे चारचौघांत सुनावले होते. डॉक्टर मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे की, रागावू नका. तुम्ही रागावलात म्हणून पुडी बंद होत नाही, फक्त ती पदराआड जाते. आणि जे नुकसान होते ते बहुधा तेथेच, पदराआड होते.

दोन वर्षे मी कशालाच हात लावला नाही. गेल्या वर्षी दिवाळीनंतर पुन्हा विचार केला आणि या खेपेस नाशिकच्या डॉक्टरांसमोर जाऊन सरळ सांगितले की, गोळ्या चालू ठेवून मला पर्यायी उपचार करून पाहायचे आहेत, आणि जे करीन ते एका वहीत लिहून दर खेपेस आपल्यापुढे ठेवीन. ते हसले आणि म्हणाले, वही चांगली आहे, पण आधी जुनी तेरीज जुळवू. म्हणजे आधी तपासण्या. हिमोग्लोबिन, शरीरातली सूज दाखवणाऱ्या ईएसआर व सीआरपी, थायरॉइड, ड जीवनसत्त्व, बी-१२, यकृत आणि मूत्रपिंड. थायरॉइड मंद असेल किंवा ड जीवनसत्त्व फार कमी असेल, तर अंगदुखी हुबेहूब अशीच असू शकते आणि तिला योगाची नव्हे, त्या कमतरतेच्या औषधाची गरज असते. जळगाव-भुसावळचे ऊन पंचेचाळीस अंशांवर जाते म्हणून आम्हाला ड जीवनसत्त्वाची ददात नाही, असे मी समजत होते. पण त्या उन्हापासून आम्ही बारा महिने पदर, स्कार्फ आणि भिंतींमागे लपतो. माझे कमीच निघाले.

याच ठिकाणी नंदुरबार, शिरपूर, शहादा, धडगाव या बाजूच्या वाचकांसाठी एक वाक्य लिहिणे मला आवश्यक वाटते. सातपुड्यातील भिल्ल, पावरा बांधवांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे, आणि त्या आजारातही हाडे व सांधे जीव जाईल असे दुखतात. त्या दुखण्याला कुणी ‘वात’ म्हणून तेल चोळत बसला, तर घात होऊ शकतो. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली आहे आणि तिच्यात तपासणी होते. ती आधी करावी. तसेच ताप, वजन घटणे, सांध्यावर दिसणारी सूज, हातापायातली शक्ती जाणे यांपैकी काहीही असेल, तर ते फायब्रोमायल्जियाच्या खात्यावर टाकू नये.

तपासण्यांनंतर पहिले चार आठवडे मी नवीन काहीच सुरू केले नाही, फक्त नोंदी केल्या. हे सगळ्यांत कंटाळवाणे काम होते, पण माझ्या मते सगळ्यांत मोलाचे. आपण नवा उपचार केव्हा सुरू करतो? दुखणे अगदी असह्य होते तेव्हा. हा आजार मुळात भरती-ओहोटीचा आहे; असह्य दिवसांनंतर थोडे बरे दिवस आपोआप येणारच असतात, आणि त्या वेळी जी पुडी हातात असेल तिला त्याचे श्रेय मिळते. आरंभीची शिल्लक लिहिल्याशिवाय वर्षअखेरचा नफा कुणी सांगू लागला, तर आम्ही पतपेढीत त्याला दारातूनच परत पाठवू. डॉक्टरांनी मला या आजारासाठी वापरली जाणारी २१ प्रश्नांची प्रश्नावली दिली. गेल्या सात दिवसांत केस विंचरणे, जिना चढणे, बाजाराची पिशवी उचलणे किती जड गेले, झोप कशी होती, असे साधे प्रश्न आहेत आणि शंभरपैकी गुण निघतात. जितके गुण अधिक, तितका त्रास अधिक. सुमारे १४ टक्क्यांहून कमी फरक पडला, तर त्याला खरी सुधारणा मानू नये, असा संकेत आहे. माझी चार आठवड्यांची सरासरी ६६ आली.

पाचव्या आठवड्यापासून चालणे सुरू केले. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सुधारलेल्या शिफारशींत एकाच उपचाराला ठाम पाठिंबा दिला आहे आणि तो व्यायाम आहे. ज्याचे अंग दुखते त्याला व्यायाम करा म्हणणे क्रूर वाटते, आणि एकदम सुरू केला तर तो क्रूर ठरतोही. माझी पहिली चाल घरापासून मारुतीच्या पारापर्यंत आणि परत, अशी सहा मिनिटांची होती. दर आठवड्याला फक्त एक-दोन मिनिटे वाढवायची, आणि दिवस चांगला आहे म्हणून जास्त चालायचे नाही. हा दुसरा नियम पहिल्यापेक्षा कठीण आहे. आपल्याकडच्या बायका बऱ्या दिवशी काय करतात, हे मला ठाऊक आहे, कारण मी तेच करत आले. मागच्या चैत्रात एक दिवस अंग हलके वाटले, म्हणून शेजारणींबरोबर बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, सगळा घाट एका बैठकीत उरकला, संध्याकाळी कुरडयांचे गहूही भिजत घातले आणि पुढचे चार दिवस खाटेवर काढले. यंदा बिबडे तीन दिवसांत झाले आणि खाटेवर एकही दिवस गेला नाही. सुनेने आणि जावेने हात दिला, हेही लिहिले पाहिजे; घरातल्यांचा हात नसेल तर पुस्तकातला कोणताही आराखडा चुलीपुढे टिकत नाही.

चालण्याबरोबर संध्याकाळी योगासने ठेवली. शवासन, मकरासन, मार्जारासन, भ्रामरी, शेवटी योगनिद्रा. टीव्हीवर दाखवतात तशी अंगाची वळकटी नाही. २०१० साली अमेरिकेतील ओरेगॉन येथे ५३ स्त्रियांवर आठ आठवड्यांचा योगाचा अभ्यास झाला, त्यात दुखणे आणि थकवा दोन्ही कमी झाल्याचे दिसले. अभ्यास लहान आहे, पण आशा वाटावी असा आहे. ताई-ची या चिनी संथ व्यायामावर २०१८ साली २२६ रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि तो नेहमीच्या एरोबिक व्यायामाइतका किंवा त्याहून सरस ठरला. आमच्या तालुक्यात ताई-ची शिकवणारे कुणी नाही, म्हणून त्याविषयी अनुभवाचे बोल माझ्याकडे नाहीत. अॅक्युपंक्चरलाही त्याच युरोपीय शिफारशींत सौम्य अनुकूलता आहे. ते मी केले नाही, कारण दर आठवड्याला नाशिकची खेप परवडणारी नव्हती.

अकराव्या आठवड्यात उनपदेवला गेले. अडावदजवळचा हा गरम पाण्याचा झरा आमच्या तालुक्याचे भूषण आहे. शरभंग ऋषींच्या व्याधीसाठी रामाने बाण मारून तो काढला, अशी कथा लहानपणापासून ऐकत आलो. गरम पाण्यात बसण्याला आणि पाण्यातल्या व्यायामालाही तज्ज्ञांची सौम्य अनुकूलता आहे, तेव्हा आजीचा सल्ला आणि युरोपची शिफारस एका कुंडावर येऊन भेटली, याची मला गंमत वाटली. दोन दिवस अंग खरोखर सैल राहिले. मात्र त्या दिवशी मोठी बहीण बरोबर होती, घरचा स्वयंपाक नव्हता, आम्ही भरीत-भाकरीची शिदोरी नेली होती आणि मनसोक्त हसलो होतो. वहीत मी ‘कारण संमिश्र’ असे लिहिले आहे. आता घरीच रात्री कोमट पाण्याने स्नान करते. ज्यांना साखरेमुळे पायांना बधिरता आहे किंवा हृदयविकार आहे, त्यांनी कढत पाण्यात उतरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

आता औषधी वनस्पतींविषयी, कारण खरा धोका आणि खरी भुरळ दोन्ही तेथेच आहेत. मी ज्या वैद्य बाईंकडे गेले त्यांनी माझ्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे टेबलावर मांडायला लावली. इतकी बारकाईने चौकशी याआधी कुणीच केली नव्हती, म्हणून ‘आयुर्वेद म्हणजे पुडी’ असे कुणी म्हणू लागले की आता मला वाईट वाटते. त्यांनी चार गोष्टी समजावल्या त्या कायम लक्षात राहिल्या. योगराज गुग्गुळ आणि महायोगराज गुग्गुळ ही नावे सारखी वाटतात, पण दुसऱ्यात धातूंची भस्मे असतात. महावातविध्वंस रसात बचनाग असतो. बचनाग, कुचला, बिब्बा, धोतरा ही द्रव्ये सरकारी नियमांतच विषारी द्रव्यांच्या यादीत आहेत आणि ती असलेली औषधे वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. जेष्ठमधाने रक्तदाब चढू शकतो. अश्वगंधा थायरॉइडवर परिणाम करू शकते आणि प्रेगाबालिनबरोबर घेतल्यास गुंगी वाढू शकते. गुळवेलीबद्दल मी स्वतः विचारले, कारण आमच्या आळीत कोरोनाच्या दिवसांपासून घरोघर तिचा काढा होतो. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले होते. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेऊन, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गफलत झाली असावी, असे म्हटले होते. वैद्य बाई म्हणाल्या, दोघांपैकी कुणीही बरोबर असो, कुंपणावरची वेल ओरबाडून रोज काढा घेणे दोघांच्याही मते चूकच आहे. आणखी एक आकडा डॉक्टरांनी सांगितला. २००८ साली अमेरिकेत इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली, तेव्हा सुमारे पाचांतल्या एकात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. त्यांत भारतात बनलेली होती तशी अमेरिकेत बनलेलीही होती.

सरतेशेवटी वैद्य बाईंनी कोणतेही भस्म न देता एक साधे चूर्ण सहा आठवड्यांसाठी दिले, सुरू करण्यापूर्वी आणि संपल्यावर यकृताची तपासणी करायला सांगितले, आणि तिळाच्या तेलाचे अभ्यंग सुचवले. चूर्णाने माझ्या गुणांत काही फरक पडला नाही. सहा आठवड्यांनी ते आम्ही दोघींनी मिळून बंद केले. ज्या उपचाराला बंद करण्याची तारीख नसते, तो उपचार नसून वर्गणी असते, हे माझे मत तेव्हा पक्के झाले. अभ्यंगाची गोष्ट जरा अवघड आहे. युरोपीय शिफारशी मसाजच्या बाजूने नाहीत, पुरावा तोकडा आहे म्हणतात. तरीही रविवारी मी तेल लावतेच. बरे वाटते, खर्च वाटीभर तेलाचा आहे, आणि त्यासाठी कोणतीही गोळी सोडावी लागत नाही. होमिओपॅथीलाही त्या शिफारशींनी पाठिंबा दिलेला नाही. मी ती घेतलेली नाही, म्हणून अधिक लिहीत नाही.

आहाराचेही एक पत्रक आले होते. ग्लुटेन सोडा म्हणजे अंगदुखी जाईल, असे सांगून किलोभर पिठाचे पाकीट भारी भावात विकणारे. या आजारावर सिद्ध झालेला असा कोणताही एक आहार नाही. आणि ग्लुटेनच टाळायचे असेल, तर ज्वारी-उडदाच्या आमच्या कळण्याच्या भाकरीत ते कधीच नव्हते. खानदेशी माणसाने त्यासाठी पाकीट विकत घेणे म्हणजे तापीकाठी राहून बाटलीतले पाणी आणण्यासारखे आहे.

आज विसावा आठवडा चालू आहे. माझे गुण ६६ वरून ४९ वर आले आहेत. सहा मिनिटांची चाल पंचवीस मिनिटांची झाली. पहाटे दोनला उघडणारे डोळे आठवड्यातून चार-पाच रात्री तरी साडेचारपर्यंत मिटलेले राहतात. बहुतेक फरक चालणे, आसने आणि झोपेची वेळ पाळणे यांच्या आठवड्यांत पडलेला दिसतो. ड जीवनसत्त्वाची भरपाईही याच काळात झाली, तिचा वाटा किती हे वेगळे काढता येत नाही. डॉक्टरांनी गेल्या महिन्यात प्रेगाबालिनची मात्रा एक पायरी उतरवली. ती त्यांनी उतरवली, मी नाही. दुखणे गेलेले नाही. थंडीत आणि लग्नसराईत ते पुन्हा वर येते, आणि वहीत ते आठवडेही तसेच लिहिलेले आहेत.

आता आपल्या दैनिकाविषयी. औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालचा आहे. त्याच्या यादीतील आजार बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात करण्यास मनाई आहे आणि त्या यादीत संधिवात आहे. कायद्याची भाषा केवळ पुडीवाल्यापुरती नाही, अशा जाहिरातीच्या प्रसिद्धीत कोणताही भाग घेणाऱ्याला ती लागू होते, आणि परिपत्रकही जाहिरातच मानले जाते. घडीत टाकलेल्या पत्रकांशी आपला संबंध नाही, ते वितरकाचे काम आहे, असे उत्तर मला आपल्या कार्यालयातून दूरध्वनीवर मिळाले. ते असेलही. पण वाचकाच्या हाती ते आपल्या नावाच्या घडीतून पडते आणि आपल्या नावावरचा विश्वास त्याला आपोआप चिकटतो. चार वर्षांपूर्वी मला ज्या परिचितांनी त्या जडीबुटीवाल्याकडे नेले, त्यांनीही ‘पेपरात आलं होतं’ असेच सांगितले होते.

ज्यांच्याकडे अशी पुडी आज घरात आहे, त्यांनी ती एकदम फेकून देऊ नये. आतून स्टिरॉइड निघाले तर अचानक थांबणेच अंगाशी येते. पुडी हातात घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि एखादी पुडी जपून ठेवावी. विकत घेतलेले औषध शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देण्याची सोय औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मध्ये कलम २६ खाली ग्राहकाला दिलेली आहे. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात याची चौकशी करता येते. मला हे कळले तेव्हा माझ्याकडे फक्त रिकामे कागद उरले होते. आपल्या प्रतिनिधीने ही अर्ज-प्रक्रिया एकदा सविस्तर छापली, तर बाजाराच्या दिवशी लॉजच्या जिन्यावर रांगेत बसणाऱ्या अनेकांच्या उपयोगी पडेल.

रविवारचे पिवळे पत्रक या पत्रासोबत जोडले आहे. आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि उत्पादकाचे नाव-पत्ता असावा लागतो. पुडीला वेष्टन नाही, म्हणून मी ते पत्रकावर दोन्ही बाजूंनी शोधले, मला सापडले नाही. आपल्या जाहिरात विभागाने एकदा शोधून पाहावे.

आपली नम्र,
पतपेढीतील एक निवृत्त कर्मचारी
ता. चोपडा, जि. जळगाव
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती.)